हावडा ब्रिज: पायी जा, आणि उजव्या हाताने जा

हावडा स्टेशनातून बाहेर पडलं की टॅक्सीवाले घेरतात. त्यांना नाही म्हणा आणि चालत पूल ओलांडा. त्यातही उजवीकडचा फूटपाथ धरा. या बाजूने हुगळीचं पात्र मोकळं दिसतं, लांबवर विद्यासागर सेतूच्या तारा दिसतात, आणि कोलकात्याच्या टोकाला मलिक घाटाचा फुलबाजार थेट खाली येतो. डावीकडून गेलात तर हे सगळं गाड्यांच्या लोंढ्यापलीकडे राहतं.

माझी सगळी नोकरी फॅब्रिकेशनमध्ये गेली, त्यामुळे नदीआधी माझी नजर पोलादावर. साडेसव्वीस हजार टन, त्यातलं 23 हजार टन टाटांचं. आणि अख्ख्या पुलात नट-बोल्ट नाही, सगळं रिव्हेटवर! जवळ जाऊन हात फिरवून बघा. रंगाचे इतके थर चढलेत की रिव्हेटच्या डोक्यांच्या कडा बुजल्यात. लालबुंद तापवलेला रिव्हेट भोकात घालून ठोकायचा. निवताना तो आकसतो आणि प्लेटा आवळून धरतो. आज अशी टोळी जमवायला निघालात तर माणसं मिळायची नाहीत.

मधला गाळा 457 मीटरचा, पात्रात एकही खांब नाही. रस्ता वरून हँगर्सना, म्हणजे उभ्या पोलादी दांड्यांना, टांगलेला आहे, म्हणून भरलेली बस गेली की तळपायाला थरथर जाणवते. घाबरू नका, टांगलेला रस्ता तेवढा हलणारच.

1943 च्या फेब्रुवारीत पूल खुला झाला तो गाजावाजा न करता, जपानी विमानांच्या भीतीने. पहिली गेली ती एक ट्राम. आता ट्राम बंद आहे.

राग येतो तो पिचकाऱ्यांचा. पान-गुटख्याच्या थुंकीने हँगर्सच्या बुडाचं लोखंड खाल्लं, शेवटी तिथे फायबरग्लासची कव्हरं बसवावी लागली. महायुद्धात उभा राहिलेला पूल, आणि त्याला जपायचं कुणापासून, तर पान खाणाऱ्यांपासून!

नदीकाठी निवांत फिरायची जागा समजून मात्र येऊ नका. ही कामावर निघालेल्यांची वाट आहे. डोक्यावर झेंडूच्या माळांचं वेटोळं घेतलेला हमाल मागून ओरडत येतो, तेव्हा तुम्ही मोबाइल वर धरून मध्येच उभे असाल तर शिव्या तुमच्याच वाट्याला येणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. फोटो काढायचा तर कठड्याला चिकटून काढा.

सकाळी लवकर गेलात तर बाजारही भरात असतो आणि ऊनही सोसतं. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी गेलात तर पूल सोडा, पुढच्या माणसाची पाठच तेवढी दिसेल. परतताना फेरीबोट घ्या. रस्ता टांगलाय म्हणजे काय, ते पाण्यातून वर बघितल्यावरच नीट कळतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा पिचकाऱ्यांनी घालवला.