उद्यमनगरातलं टायरचं दुकान: आधी दारावरचं स्टिकर, मग टायर

माझी स्विफ्ट खालच्या मॉडेलची आहे, १४ इंची लोखंडी डिस्कची. माहेर वैभववाडीला, त्यामुळं कळे, असळज, गगनबावडा आणि पुढं करूळ घाट हा रस्ता नेहमीचा. गगनबावड्याचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला गुळगुळीत टायरची भीती वेगळी सांगायला नको. नक्षीच्या खाचेत १.६ मिलिमीटर उंचीची आडवी पट्टी असते. रबर झिजून तिच्या बरोबरीला आलं, म्हणजे टायर संपला. माझे चारही तिथवर आले होते.

आधी कोल्हापुरातल्याच दुसऱ्या एका दुकानात विचारलं होतं. तिथं १८५/६० आर १४ दाखवला. "१४ चाच आहे, बसतंय की! रुंद पण दिसंल." भाव चांगला होता, पण माझ्या टायरवर १६५/८० आर १४ लिहिलेलं, म्हणून मी तिथं थांबले नाही.

उद्यमनगरातल्या या दुकानात मालकांनी टायर काढायच्या आधी ड्रायव्हरचं दार उघडायला लावलं. दाराच्या खांबावर कंपनीचं स्टिकर असतं, त्यावर टायरचा साइज आणि हवा दोन्ही छापलेलं असतं. ते वाचून झाल्यावर मी १८५/६० चं विचारलं, तर त्यांनी बिलबुकाच्या मागच्या बाजूला हिशेबच मांडला. १६५ मिलिमीटर रुंदी, तिचे ८० टक्के म्हणजे १३२ ही भिंतीची उंची. वर-खाली मिळून २६४, त्यात १४ इंचाचे ३५५.६, झालं साधारण ६२०. दुसऱ्याचं येतं ५७८. म्हणजे चाक ४२ मिलिमीटरनं लहान आणि गाडी २१ मिलिमीटरनं खाली.

"बसतंय म्हणून घालायचं नसतंय ताई," ते म्हणाले. "आता पुढचा आकडा बघा."

माझ्या टायरवर ८५टी आहे. ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो. तो दुसरा बहुतेक ८२ चा येतो, म्हणजे ४७५ किलो. चार चाकांत १६० किलोचा फरक! येताना आमच्या गाडीत पाच माणसं आणि डिकीत तांदूळ, नारळ, कोकम असतं. हा फरक आम्हाला कुणीतरी आधी सांगायला हवा होता.

टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०. लेकानं विचारलं, एवढ्या वेगानं चालवतंय कोण? मालकांचं उत्तर मला फार पटलं. भरलेली गाडी मे महिन्यात पुणे हायवेला सलग पळाली की टायर तापतो, आणि ते अक्षर त्याची वेगातली ताप सोसायची ताकद सांगतं. कंपनीनं दिलंय त्याच्या वरचं चालेल, खालचं नको.

लेकाच्या मनात अलॉय आणि २०५/६५ आर १५ होतं. त्याचाही हिशेब केला: ६४७.५, म्हणजे साडेचार टक्के मोठं. मीटरवर ८० दिसलं तर गाडी जवळजवळ ८४ नं पळणार, आणि घाटात पूर्ण वळवताना टायर आत घासायची शक्यता. १५ चीच डिस्क हवी असेल तर १८५/६५ घ्या म्हणाले. त्याचं ६२१.५ येतं आणि वरच्या मॉडेलला कंपनी तोच देते. महाग माल खपवायची आयती संधी असताना हा माणूस पोराला शांतपणे समजावत होता. आम्ही शेवटी कंपनीचाच साइज घेतला.

टायर डिस्कवर चढवायच्या आधी त्यावरचे तारखेचे चार आकडे आम्हाला वाचायला लावले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ही गोष्ट प्रत्येकानं मागून बघावी. शेजारी एकजण दोनच नवे टायर घेत होता आणि ते पुढं घाला म्हणत होता. त्याला सांगितलं, नवे मागं जाऊ देत. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी फिरते, ती सावरणं अवघड. हवा भरणाऱ्या पोरानंही टायरवरचा कमाल दाब न बघता दारावरचा आकडा धरला.

भाव बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त आहे, अलाइनमेंटचे पैसे वेगळे लागतात आणि बायकांना बसायला धड जागा नाही. मशीन एकच, त्यामुळं दुपारनंतर रांग लागते. सकाळी दुकान उघडताच जा, आणि जाताना डिकीतलं सामान काढून ठेवा, कारण ते स्टेपनीसुद्धा बाहेर काढून तिची तारीख बघतात.