पाटी नसलेलं दुकान आणि आठ स्टडचे बूट

आधीच सांगून टाकतो: या दुकानात रग्बीचे बूट घेऊन जा, बॉल घेऊन जाऊ नका.

बेळगावात खडेबाजारातून आतल्या बोळात वळलं की डाव्या हाताला बूट-चपला शिवणाऱ्याची चार बाय सहाची टपरी आहे. पाटी नाही, फोन उचलत नाहीत. दारात अथणीच्या चपलांचे दोन जोड टांगलेत, ते विकायचे नाहीत. विचारलं तर "वडलांच्या हातचे आहेत" एवढंच उत्तर मिळतं. टपरीवाल्यांना मी मामा म्हणतो.

मी उद्यमबागेत टर्नर. आधी तालमीत होतो. वजन 104 किलो आणि मान ही अशी, म्हणून कोल्हापूरच्या पोरांनी रग्बीत ओढलं आणि विचारायच्या आधीच प्रॉपच्या जागी उभं केलं. स्क्रममध्ये आठ विरुद्ध आठ जुंपतात आणि एकमेकांना रेटतात. पहिल्या रांगेत मधे हुकर आणि त्याच्या दोन बाजूंना दोन प्रॉप. मागच्यांचा सगळा रेटा आमच्या पाठीतून जातो आणि जमिनीला भिडतो तो चवड्यावर. त्यामुळे प्रॉपचा बूट फाटतो तो चवड्यापाशीच. माझे ऑनलाइन मागवलेले (कंपनीचं नाव घेत नाही) तिसऱ्या सामन्यात सुसरीसारखे तोंड उघडून बसले. परत करायची मुदत संपून चार दिवस झालेले.

मामांनी बूट उलटा केला, वास घेतला आणि म्हणाले, "काय रे, नांगराला जुंपला होतास काय?"

पण काम बघण्यासारखं. आधीचा गोंद रापीने पार खरवडून काढला. मग सुलोचन (चिकटवायचं सोल्यूशन) लावून दोन्ही बाजू उन्हात ठेवल्या, आणि ते बोटाला चिकटायचं थांबल्यावरच सोल दाबला. बाकीचे इथंच थांबतात. मामांनी आरी घेतली आणि मेण ओढलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने सबंध सोल फिरवून शिवला. स्टडच्या, म्हणजे पकडीसाठी तळाला असलेल्या खुंट्यांच्या, खोबणीजवळ टाका आला तिथं तो आतून घेतला, बाहेर घासणार नाही असा. चवड्यावर वरून चामड्याची पट्टी. दोन्ही बुटांचे 320 रुपये. गेला सबंध पावसाळा खेळलो, एक टाका उसवलेला नाही.

एका गोष्टीवरून वाद झाला. मामांना अंगठ्याच्या टोकाला आणखी एक स्टड ठोकायचा होता, बैलाच्या नालेसारखी पकड येते म्हणे. म्हटलं, मामा, नियमात बसत नाही. बुटाच्या टोकाला एकटा स्टड चालत नाही आणि बाकीचेही 21 मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाहीत. विश्वास बसेना. माझ्या पिशवीत व्हर्निअर होतं, तिथंच मोजून दाखवलं, 18 भरले. तेव्हापासून मी गेलो की "नियम काय म्हणतोय?" असं विचारतात. मस्करीत.

थांबून राहिलं की गप्पा होतात. "पगार किती देतात तुला?" म्हणाले. म्हटलं, एसटीचं तिकीटसुद्धा आपलंच. मग त्यांना जेसन लेनर्ड सांगितला. इंग्लंडचा प्रॉप, धंद्याने सुतार. 1990 मध्ये देशाकडून खेळायला लागला तेव्हा रग्बीत पैसे घ्यायला बंदी होती, ती 1995 च्या ऑगस्टमध्ये उठली. 1992 मध्ये मानेचं ऑपरेशन झालं, कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मानेत बसवला. 2003 चा वर्ल्ड कप फायनल, सिडनी. रेफरी इंग्लंडच्या स्क्रमविरुद्ध सारखी शिट्टी वाजवत होता. शेवटच्या टप्प्यात 35 वर्षांचा हा बाबा आत आला आणि ती शिट्टी थांबली. इंग्लंड 20-17 ने जिंकलं. लोकांच्या लक्षात राहिला तो सामना जिंकून देणारा इंग्लंडच्या विल्किन्सनचा उजव्या, म्हणजे कच्च्या पायाचा ड्रॉप गोल (बॉल हातातून टाकून टप्पा पडताच मारलेली किक). आम्ही प्रॉप लोक लेनर्डचं नाव घेतो. इंग्लंडकडून 114 सामने खेळला.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सुतारकी सोडली काय त्यानं?"

आता बॉलची कथा. चूक थोडी माझीही. इंग्लंडच्या रग्बी गावात गिल्बर्ट नावाचा बूट करणारा होता, शाळेच्या पोरांसाठी त्यानेच बॉल शिवले, डुकराच्या मूत्राशयाच्या फुग्यावर चामडं चढवून; आकार लांबट झाला तो त्या फुग्यामुळेच, असं मी मोठ्या कौतुकाने सांगितलं. मामा खुलले. "मग हा आमच्याच धंद्याचा की! आण इकडं." आमच्या बॉलमधून हवा जात होती. त्यांनी शिवण उसवून आत फुटबॉलचा ब्लॅडर घातला. चार पाकळ्या परत इतक्या सुबक शिवल्या की जोड दिसत नाही, पण हवा भरल्यावर निघाला तांबडा भोपळा. पोटाचा घेर 58 ते 62 सेंटिमीटर हवा, आला 65. लांबी 28 च्या खाली जायला नको, ती 26. पास दिला की कुठं जाईल ते देवाला ठाऊक. पैसे घेतले नाहीत, पण बॉल गेला तो गेलाच. आता माझा पुतण्या त्याच्याशी अंगणात फुटबॉल खेळतो.

दुसरी तक्रार वेळेची. "उद्या ये" म्हणजे तिसऱ्या दिवशी, आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तर नावच काढू नका. रविवारी सामना असेल तर सोमवारीच बूट टाका.

आणि धुऊन न्या. चिखलाचे बूट मामा हातात घेत नाहीत, समोरच्या नळाकडे बोट दाखवतात.