लिनक्सवर गेम खेळायचेत, तर मिंट घ्यावं की बॅझाइट?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ओळखीतली पोरं एकच विचारतायत. पीसी जुना, त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणून विंडोज ११ रीतसर बसत नाही. सोयाबीनला भाव नाही, त्यामुळं यंदा नवा पीसी घरी मागायची सोय नाही. मग विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं तर गेम चालतील का? चालतात. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्वनं २०१८ साली विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणलं आणि २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र आलं, त्यानंतर स्टीमवरचे बहुतेक एकट्यानं खेळायचे गेम लिनक्सवर इन्स्टॉल करून थेट सुरू करता येतात. अडतं ते पुढं, कोणतं लिनक्स घ्यायचं यावर. ते अनेक रूपांत मिळतं, मिंट आणि बॅझाइट ही त्यातलीच दोन. मी अंबाजोगाईत घरच्या डेस्कटॉपवर आधी बॅझाइट वापरलं, आता मिंट २२ वापरतो. चुलतभावाकडं लातूरला बॅझाइटच आहे, त्यामुळं दोन्ही रोज नजरेसमोर असतात.

जे दोन्हीकडं सारखंच आहे ते आधी बाजूला काढतो. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत. एपेक्स लेजंड्स २०२४ च्या ऑक्टोबरअखेर लिनक्सवर बंद झाला. जीटीए ५ ची एकट्यानं खेळायची गोष्ट चालते, पण ऑनलाइन सप्टेंबर २०२४ पासून चालत नाही. ही सगळी अँटी-चीटची, म्हणजे फसवणूक पकडणाऱ्या प्रोग्रामची अडचण आहे, लिनक्स बदलून ती जात नाही. तुमचा सगळा ग्रुप व्हॅलोरंट खेळत असेल तर विंडोज काढू नका. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र मुळातच लिनक्ससाठी बनलेले मिळतात. बाकी कुठलाही गेम घेण्याआधी प्रोटॉनडीबी या साइटवर त्याचं नाव टाकून तो लिनक्सवर कसा चालतो ते बघा.

बॅझाइट गेमसाठीच बांधलंय. ते फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे, स्टीम आणि गेम चालवायचा लुट्रिस हा प्रोग्राम आधीच बसवलेले मिळतात, आणि एनव्हीडियाचं ग्राफिक कार्ड असेल तर ड्रायव्हर आत असलेली फाइलच डाउनलोड करता येते. इन्स्टॉल झालं की लॉगिन करा आणि गेम उतरवायला लावा, मधे काही शिकावं लागत नाही. आपल्या भागासाठी त्यात आणखी एक मोठी गोष्ट आहे. त्याचं अपडेट चालू सिस्टिमला हात लावत नाही. नवी प्रत शेजारी तयार होते आणि पुढच्या वेळी पीसी सुरू केला की तीच उघडते. नवी प्रत बिघडली तर बूट मेन्यूतून जुनी निवडता येते. मृगाच्या वाऱ्यात लाईट जाते, डीपी जळाला तर दोन-दोन दिवस येत नाही. अशा ठिकाणी अपडेट अर्ध्यावर तुटूनही पीसी धडपणे उघडणं फार मोलाचं आहे. मिंटमध्ये एवढी हमी नाही. पॅकेज बसत असताना वीज गेली तर पुढं टर्मिनल उघडून दुरुस्ती करावी लागू शकते.

एवढं असून मी बॅझाइट काढलं, ते डेटामुळं.

आमच्या गल्लीत फायबर आलेलं नाही. घरात नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट आणि रोजचा दोन जीबीचा कोटा. त्यातच बहिणीचे ऑनलाइन क्लास आणि वडिलांचे बाजारभावाचे व्हिडिओ. बॅझाइटचं अपडेट म्हणजे अख्ख्या सिस्टिमची नवी प्रत. फक्त बदललेला भाग उतरतो हे खरं, पण माझ्याकडं तो भागच कित्येकदा जीबीच्या पुढं जायचा. आपोआप होणारी अपडेट बंद करता येतात, मी केलीही होती. पण मूळ सिस्टिमचं अपडेट घ्यायला बसलं की सगळंच घ्यावं लागतं. एखाद्या पॅकेजची सुरक्षा-दुरुस्ती आज घेऊ आणि कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं, रविवारी लातूरला गेल्यावर बघू, अशी वाटणी तिथं करता येत नाही. संध्याकाळी गेम उघडावा आणि कोटा संपल्याचा मेसेज यावा, हे वारंवार झालं. दोष बॅझाइटचा म्हणवत नाही. भरपूर नेट आहे असं धरूनच त्याची रचना केलीय, आणि लातूरला भावाच्या फायबरवर हे जाणवतसुद्धा नाही.

मिंटचा अपडेट मॅनेजर मला पटला तो इथंच. कोणतं पॅकेज, किती एमबी, सगळं समोर दिसतं. सुरक्षेची अपडेट वेगळ्या चिन्हानं ओळखू येतात, तेवढी आज घेतो. नको असलेल्या पॅकेजवर उजवी क्लिक करून ते बाजूला ठेवता येतं. खाली निवडलेल्या अपडेटची बेरीज दिसते, ती पाहून उरलेल्या कोट्यात काय बसेल ते ठरवतो. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे, म्हणजे तोवर अख्खी सिस्टिम नव्यानं उतरवायची गरज नाही. सुरुवातीची फाइलसुद्धा तीन जीबीच्या आसपास आहे, बॅझाइटची तिच्या दुपटीहून मोठी.

मिंटवर स्टीम घेताना एकच काळजी घ्या. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ते दोन रूपांत दिसतं, सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. सिस्टिम पॅकेज घ्या. फ्लॅटपॅकवालं स्टीम आपल्या चौकटीत बंद असतं, दुसरी हार्ड डिस्क त्याला वेगळी परवानगी दिल्याशिवाय दिसत नाही. आणि आपल्याकडं गेम येतात तेच मुळी डिस्कवरून. मी लातूरला स्टीमच्या बॅकअपमधून गेम पोर्टेबल डिस्कवर घेतो आणि घरी येऊन भरतो, मग फक्त मधल्या काळातला बदल उतरतो. त्या डिस्कवरूनच मात्र गेम चालवू नका. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या रचनेतल्या डिस्कवर प्रोटॉनचे फोल्डर नीट बसत नाहीत, पीसीतल्या एक्स्ट-४ या लिनक्सच्या रचनेच्या पार्टिशनवर कॉपी करून घ्या. मित्र स्वतःचा लॅपटॉप घेऊन घरी आला तर त्याहून सोपं. दोघं एका वायफायवर या, दोन्हीकडं स्टीममध्ये स्थानिक नेटवर्कवरून गेम पाठवायची सोय चालू करा, म्हणजे गेम डेटा न जाळता येतो. स्टीमच्या डाउनलोड सेटिंगमध्ये शेडर प्री-कॅशिंग, म्हणजे ग्राफिकच्या फाइल आधीच उतरवून ठेवणं असतं, तेही बंद ठेवा. गेम पहिल्यांदा थोडा अडखळेल, पण न विचारता होणारं डाउनलोड थांबेल.

ग्राफिक कार्ड फार जुनं असेल तर निवड आपोआपच होते. सेकंडहँड पीसीत जीटी ७१० सारखं कार्ड हमखास सापडतं. त्याला एनव्हीडियाचा ४७० मालिकेचा जुना ड्रायव्हर लागतो. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये तो मिळतो, बॅझाइटच्या एनव्हीडिया प्रतीत नाही. हे कार्ड व्हल्कन १.३ पर्यंत, म्हणजे नव्या प्रोटॉनला लागणाऱ्या ग्राफिकच्या मानकापर्यंत पोचत नाही, म्हणून गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रोटॉन ७ निवडा. प्रोटॉन ८ पासून पुढचं त्यावर चालणार नाही.

उलट कार्ड अगदी नव्या पिढीचं असेल, किंवा हातात धरून खेळायचं यंत्र असेल, तर मी मिंटचा आग्रह धरणार नाही. बॅझाइटमध्ये कर्नल आणि मेसा (ग्राफिकचे ड्रायव्हर) ताजे असतात, मिंटमध्ये ते मागून येतात. फायबर असेल तर माझी मुख्य तक्रारही उरत नाही.

पण एकच पीसी घरात असेल आणि त्यावर गेमसोबत पीकविम्याचे फॉर्म, प्रिंटर, कॉलेजचे प्रोजेक्ट असं सगळं चालत असेल, तर मला मिंटच बरं वाटतं. लिनक्ससाठी ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअर मिळतं ते बहुतेकदा डेब या इन्स्टॉलर फाइलच्या रूपात, मिंटवर दोन क्लिकमध्ये बसतं. बॅझाइटवर त्यासाठी वाकडी वाट घ्यावी लागते.

राहिला लाईटचा प्रश्न. मिंटवर टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमची प्रत (स्नॅपशॉट) जपून ठेवणारं साधन, आधीपासून असतं. पीसी इन्व्हर्टरवर घ्या, आणि ग्राफिक ड्रायव्हर बसवायच्या आधी टाइमशिफ्टचा पहिला स्नॅपशॉट काढा, जमल्यास वेगळ्या डिस्कवर. मधेच लाईट जाऊन सिस्टिम उघडेनाशी झाली, तर मिंटचा पेनड्राइव्ह लावून त्यातल्याच टाइमशिफ्टमधून तो स्नॅपशॉट परत आणता येतो, एक एमबीही डेटा न लागता.