लेटरबॉक्स्ड, अडीचशेची यादी आणि आमच्या सहा चिठ्ठ्या

मी मिरजेत कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. दर शनिवारी रात्री आमच्याकडे सहाजण सिनेमा बघायला जमतो. मी, हे, धाकटे दीर, सुट्टीला पुण्याहून येणारी पुतणी, समोरच्या ब्लॉकमधल्या काकू आणि यांचे बँकेतले एक मित्र. पूर्वी ‘आज काय लावायचं’ यातच पाऊण तास जायचा आणि तोवर काकूंना झोप यायला लागायची. दोन वर्षांपूर्वी पुतणीने माझ्या फोनवर लेटरबॉक्स्ड टाकून दिलं. तेव्हापासून 163 सिनेमे त्यात नोंदवलेत, म्हणून आता त्याबद्दल लिहायला हरकत नाही.

हे ॲप न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचं, 2011 पासूनचं. काम साधं आहे. सिनेमा बघितला की तारीख टाकायची, अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे द्यायचे, वाटलं तर चार ओळी लिहायच्या. मी मराठीत लिहिते, देवनागरीत, आणि ते नीट दिसतं. बघायच्या सिनेमांची वेगळी यादी ठेवता येते. स्वतःच्या पानावर चार सर्वांत आवडते सिनेमे लावता येतात. हे चार ठरवायला मला तीन आठवडे लागले. फुकटच्या खात्यावर जाहिराती असतात, पण माझं काम त्यावर व्यवस्थित चालतं. पैसे भरून मिळणाऱ्या सोयी मी घेतलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांवर बोलत नाही.

मला लिहायचंय ते क्रमवारीबद्दल. सभासदांच्या ताऱ्यांवरून जगातल्या सर्वोत्तम चित्रपटांची एक यादी तिथे सतत हलत असते. ‘पॅरासाइट’ हा 2019 चा कोरियन सिनेमा त्यात बराच काळ पहिला होता. आमच्या दिरांचं म्हणणं, लोकांच्या मतांना काय अर्थ आहे, जाणकारांना विचारा. तर जाणकारांनाही विचारून झालंय. बीबीसीने 2016 मध्ये 36 देशांतल्या 177 समीक्षकांकडून या शतकातले सर्वोत्तम 100 चित्रपट काढले, त्यात ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ पहिला आला. न्यूयॉर्क टाइम्सने 2025 मध्ये पाचशेहून अधिक दिग्दर्शक, नट आणि इतर चित्रपटकर्मींना विचारलं, तेव्हा पहिला आला ‘पॅरासाइट’च. म्हणजे जाणकार आणि प्रेक्षक यांची गाठ कधीकधी पडते. दिरांना हे पटलेलं नाही.

आता अशी यादी बनते कशी, ते सांगते, कारण माझा विषयच तो आहे. समजा वर्गातल्या एका मुलाने वर्षभरात एकच चाचणी दिली आणि 20 पैकी 19 मिळवले. एका मुलीने बारा चाचण्या दिल्या, तिची सरासरी 17. पहिला नंबर कुणाचा? नुसती सरासरी म्हणेल मुलाचा. कुठलीही शिक्षिका तसं करणार नाही, कारण एका चाचणीवर तिचा तेवढा भरवसा बसत नाही. आयएमडीबी या सिनेमांच्या वेबसाइटवरही प्रेक्षकांच्या गुणांवरून 250 चित्रपटांची यादी असते, आणि तिच्यासाठी प्रसिद्ध झालेलं सूत्र याच विचाराचं आहे. प्रत्येक चित्रपटाच्या मतांत सर्वसाधारण सरासरीची 25,000 काल्पनिक मतं मिसळायची. ती सर्वसाधारण सरासरी 7 धरू. 50,000 लोकांनी 9 गुण दिलेला सिनेमा या हिशेबात 8.33 वर उतरतो, आणि पाच लाख लोकांनी 8.6 दिलेला 8.52 वर राहतो. म्हणजे कमी गुणांचा सिनेमा वर गेला. लेटरबॉक्स्डवरही नुसती सरासरी नसते, भारित, म्हणजे कमी-जास्त वजन देऊन काढलेली सरासरी असते.

हे मी अकरावीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवलं, तेव्हा एका मुलीने विचारलं, “मग मॅडम, मराठी सिनेमा वर येणारच नाही का?” प्रश्न अगदी बरोबर होता. आयएमडीबीच्या मुख्य यादीत ‘थ्री इडियट्स’, ‘दंगल’ हे हिंदी चित्रपट बघायला मिळतात. मराठी नाव मला सापडलं नाही. आपण थिएटरात जातो, रडतो, हसतो, घरी येऊन चार दिवस बोलतो आणि नोंद करत नाही. मग मतं कमी, आणि मतं कमी म्हणून सूत्र त्या सिनेमाला मधोमध ओढून ठेवतं. सूत्राचा त्यात दोष नाही. त्याच्यापर्यंत आपण पोचतच नाही.

मोठ्या आकड्यांनी सगळं सुरळीत होतं, असंही समजू नका. 2008 च्या जुलैत ‘द डार्क नाइट’ आला आणि त्याच्या चाहत्यांनी काही दिवसांतच तो आयएमडीबीवर पहिला नेला. वर्षानुवर्षं वर असलेला ‘गॉडफादर’ खाली आला. शेवटी पहिल्या जागी जाऊन बसला ‘शॉशँक रिडेम्प्शन’, 1994 चा, आणि तो तिथेच आहे. भांडण दोघांचं, गादी तिसऱ्याला. नव्या सिनेमाला पहिल्या आठवड्यात जे बघतात ते त्याची वाट बघत बसलेलेच असतात, म्हणून त्या आठवड्यातल्या क्रमांकावर मी काहीच ठरवत नाही. निदान सहा महिने जाऊ देते.

मग आम्ही आमचीच यादी करायची ठरवली. सन 2000 नंतरचे, कुठल्याही भाषेतले, प्रत्येकाने आवडीचे दहा क्रमाने लिहायचे. पहिल्याला 10 गुण, दुसऱ्याला 9, असं करत दहाव्याला 1. वहीच्या पानांच्या चिठ्ठ्या, एकमेकांचं बघायचं नाही. काकू तर लिहिताना हात आडवा धरून बसल्या होत्या. साठ जागांत 37 वेगवेगळे सिनेमे आले. काकूंचा पहिला ‘श्वास’, दिरांचा ‘वळू’, बँकेतल्या मित्रांचा ‘देऊळ’. मी, हे आणि पुतणी, तिघांनी एकमेकांना न सांगता पहिला लिहिला ‘कोर्ट’.

बेरीज मी केली. ‘किल्ला’ 38 गुणांनी पहिला आला, ‘कोर्ट’ 30 गुणांनी दुसरा.

‘किल्ला’ एकाच्याही चिठ्ठीत पहिला किंवा दुसरा नव्हता. काकूंकडे तिसरा, बाकीच्यांकडे चौथा, पाचवा, सहावा. पण तो सहाही चिठ्ठ्यांत होता. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला तो मुलगा, अमृता सुभाषने केलेली ती आई, समुद्र, पाऊस. काकूंच्या यजमानांच्या सरकारी नोकरीत सहा बदल्या झाल्या. प्रत्येक गावी मुलांना नव्या शाळेच्या दारात सोडून परत फिरताना मागे वळून बघायचं नाही, असा नियम त्यांनी स्वतःला घातला होता. हे त्यांनी आम्हाला त्या सिनेमानंतर पहिल्यांदा सांगितलं. 2014 च्या बर्लिन महोत्सवात ‘किल्ला’ला क्रिस्टल बेअर मिळालं ते मुलांच्या परीक्षक मंडळाकडून. त्या मुलांनी बरोबर निवड केली, असं मला मनापासून वाटतं.

पुतणी मात्र माझ्यावर रागावली. “तिघांचा पहिला नंबर आहे, काकू! ज्यांनी ‘कोर्ट’ लिहिलाय त्यांची सरासरी 10, ‘किल्ला’ची सव्वासहाच्या आसपास. हा कसला न्याय?” मी विचारलं, ज्या तिघांनी ‘कोर्ट’ लिहिला नाही त्यांनी तो बघितलाय का? दिरांनी बघितला होता आणि आवडला नव्हता. कॅमेरा जागचा हलत नाही, ही त्यांची तक्रार. बाकी दोघांनी बघितलाच नव्हता! न बघितल्याचा शून्य आणि न आवडल्याचा शून्य माझ्या बेरजेत एकच झाला होता. इतकी वर्षं गैरहजर मुलाच्या रकान्यात मी शून्य न लिहिता ‘गैरहजर’ लिहीत आले आणि इथे नेमकी चुकले.

पुढच्या शनिवारी ‘कोर्ट’ लावला. गटारात मेलेल्या कामगाराने म्हणे लोकशाहिराचं गाणं ऐकून आत्महत्या केली, म्हणून खटला. वीरा साथीदार तो शाहीर झालेत. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील कोर्टात एका सुरात कलमं वाचते, आणि मग घरी येऊन सगळ्यांसाठी स्वयंपाक करते. तिथे काकू हळूच म्हणाल्या, “ही बाई वाईट नाही गं. दमलीय.” चैतन्य ताम्हाणेच्या त्या सिनेमाबद्दल मी खूप वाचलंय, पण एवढं नेमकं वाक्य मला कुठे मिळालं नव्हतं. त्यांच्या परवानगीने ते मी माझ्या नोंदीत लिहून ठेवलं.

काकूंनी चिठ्ठी बदलली. ‘कोर्ट’ दुसरा, त्यामुळे त्यांचा ‘किल्ला’ चौथ्यावर सरकला. बँकेतल्या मित्रांनी ‘कोर्ट’ नववा लिहिला. नवी बेरीज ‘कोर्ट’ 41, ‘किल्ला’ 37. दोन माणसांनी एक सिनेमा बघितला आणि पहिला नंबर बदलला. तेव्हापासून मी अडीचशेची यादी उघडते ती कोण कितवा हे बघायला नाही, त्यातलं आपण काय बघितलेलं नाही ते शोधायला. ‘हाराकिरी’ हा 1962 चा जपानी सिनेमा आम्हाला असाच मिळाला. त्या रात्री एक वाजेपर्यंत कुणी उठलं नाही.

नवीन वापरणाऱ्यांना एक उपयोगाची गोष्ट सांगते. लेटरबॉक्स्डवरची कलाकार-तंत्रज्ञांची माहिती टीएमडीबी नावाच्या साठ्यातून येते आणि तो साठा सामान्य माणसंच भरतात. एका मराठी चित्रपटाच्या पानावर नटांची नावं अपुरी होती. मी शेवटची श्रेयनामावली थांबवून थांबवून वाचली आणि तिथे खातं उघडून नावं भरली. एक संध्याकाळ गेली. आमच्या वर्गातल्या तीन मुली आता हे काम करतात, आणि नावांचं स्पेलिंग बरोबर आहे ना, हे एकमेकींकडून तपासून घेतात.

माझ्याकडून साडेचार तारे. अर्धा कापला तो एका ओळीच्या टाळ्याखाऊ शेऱ्यांसाठी. सर्वांत जास्त पसंती त्यांनाच मिळते आणि कुणीतरी कष्टाने लिहिलेलं चांगलं परीक्षण खाली राहतं. ते शोधत खाली जायची तयारी ठेवा.

दिरांनी चिठ्ठी बदललेली नाही. ‘वळू’ आम्ही सगळ्यांनी नीट बघितलेला नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. येत्या शनिवारी तोच लावणार आहोत.