ऊन्हाळ्यात पाच स्टार, पावसाळ्यात पाणी : एअरब्रश कॉम्प्रेसरचा फेब्रुवारी ते ऑक्टोबरचा अनुभव

पहिल्या आठवड्यात लिहिलेले रिव्ह्यू वाचून एअरब्रशला (पेनाएवढ्या रंगफवाऱ्याला) दाबलेली हवा पुरवणारा हा तीन लिटर टाकीचा कॉम्प्रेसर कुणी घेऊ नका. मी फेब्रुवारीत मागवला, लातूरचा अख्खा उन्हाळा आणि पावसाळा त्याच्यावर काढला आणि मगच लिहायला बसलोय. कंपनीचं नाव घालत नाही, कारण १/६ एचपीचा हाच बिनतेलाचा कॉम्प्रेसर वेगवेगळ्या स्टिकरखाली विकला जातो. स्टिकर कुठलंही असो, हवेतलं पाणी धरणारा वॉटर ट्रॅप त्याच जागी असतो : दाब कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरच्या खाली, टाकीच्या अंगालाच. माझं सगळं भांडण त्या जागेशी आहे.

काम कसलं ते आधी सांगतो. १/३५ स्केलचे, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचे, लष्करी ट्रक आणि त्यांच्या मागच्या ट्रॉल्या यांची मॉडेलं रंगवणं. या काळात टेबलावर तामिया या जपानी मॉडेल कंपनीचा जीएमसी सीसीकेडब्ल्यू ट्रक होता. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन अडीच टनी, मागची जोडचाकं धरून दहा टायर, मॉडेल साधारण वीतभर लांबीचं. त्याच्या मागे लावायला एक टनी पाण्याची ट्रॉली, २५० गॅलनच्या टाकीची, प्लास्टिक शीट कापून मी घरीच करत होतो. लष्करी हिरवा रंग मॅट असतो. चकाकी नसल्यामुळे त्याच्यावर काहीच लपत नाही. ओल्या थरावर पाण्याचा एक थेंब पडला की तिथे खड्डा दिसतो, वाळल्यावर पांढुरकी कड दिसते, आणि वरून दुसरा हात मारला तरी ती कड डोकावतेच. म्हणून ज्यांना खेळण्यातल्या गाड्या किंवा भिंतीवरची फुलं रंगवायची आहेत त्यांना माझी तक्रार छोटी वाटेल. ट्रकवाल्यांना वाटणार नाही.

एप्रिलमध्ये हा रिव्ह्यू लिहिला असता तर कॉम्प्रेसरला पाच आणि सोबत आलेल्या ०.३ मिमीच्या एअरब्रशला दोन दिले असते. पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी ठाक. ट्रॅपची वाटी कायम कोरडी. त्रास सगळा ब्रशचा. सुईच्या टोकावर रंग वाळून बसायचा, दर दोन मिनिटांनी टोक पुसा, पुन्हा सुरू करा. हवेचा दाब १५ पीएसआयवर ठेवून, रंगापेक्षा थिनर जास्त घेऊन आणि त्यात रिटार्डरचे (रंग उशिरा वाळवणाऱ्या द्रावाचे) दोन थेंब घालून ते आटोक्यात आलं. मे महिन्यात दुपारी मोटर तापून आपोआप बंद पडायची. पहाटे पाचला काम सुरू केलं की आठपर्यंत तक्रार नाही. आवाज इतका कमी की शेजारच्या खोलीतली माणसं उठत नाहीत. ही गोष्ट मला खरोखर आवडली.

ब्रश धुण्याबद्दल एक सांगितलंच पाहिजे. बोअरच्या पाण्यानं धुऊ नका. आमच्याकडचं पाणी इतकं जड आहे की नोझलच्या आत क्षार धरतात, आणि ०.३ मिमीच्या भोकात कणभर क्षारही पुरतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं, एक कॅन दोन-तीन महिने जातो. आणि बेतानं वापरायचं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे हे, इथे नळाखाली ब्रश धरून बसायची सवय कुणालाच नाही. डिस्टिल्ड वॉटर सुरू केल्यापासून ब्रश सुतासारखा सरळ चालतोय. त्याचे दोन स्टार मी आता चार करतो.

मग जुलै आला. सीसीकेडब्ल्यूचा कॅबिन आणि बॉनेट आधीच हिरवा झाला होता, मी त्याच्यावर फिकट हिरव्याचे पातळ हात देत होतो. ऊन खाल्लेला पत्रा दाखवायचा तर हे लागतंच, एवढ्या लहान मॉडेलवर मूळ गडद रंग काळपट दिसतो. वीस-पंचवीस मिनिटं सगळं छान. नंतर ब्रशमधून फुर्र झालं आणि बॉनेटवर पाणी. रंग नाही, स्वच्छ पाणी. पुसून पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच, या खेपेला दारावर, जिथे अमेरिकन सैन्याच्या खुणेचा पांढरा तारा बसायचा होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सगळा रंग काढावा लागला. तामियाच्या रंगाची १० मिलीची बाटली आपल्याकडे काय भावानं पडते ते या छंदातल्या सगळ्यांना माहीत आहे. तीन बाटल्यांतला रंग कापसाच्या बोळ्यांवर गेला.

ट्रॅपची वाटी उघडून बघितली. जवळजवळ कोरडी! टाकीच्या बुडाचा स्क्रू सैल केला तर तिथून तपकिरी पाणी निघालं. म्हणजे पाणी टाकीत आहे, नळीत आहे, ब्रशमध्ये आहे, फक्त ज्याला वॉटर ट्रॅप म्हणून विकलं त्याच्यात नाही.

विकणाऱ्यांना कळवलं. आधी म्हणाले व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग म्हणाले तुमचा रंग पातळ आहे. मी रंग न घालता नुसती हवा कागदावर मारून, ओला झालेला कागद दाखवला. मग ‘सर, बारिश में नॉर्मल है.’ नॉर्मल आहे तर ट्रॅप कशासाठी दिला, याला उत्तर नाही. शेवटी म्हणाले, स्वखर्चानं परत पाठवा, तपासून सांगू. सहा किलोच्या आसपासचा तो लोखंडी गठ्ठा, दोन्हीकडचं कुरिअर माझ्या माथी, आणि ट्रॅप वॉरंटीत धरत नाहीत. मी पाठवला नाही. ती तक्रार त्यांच्याकडे अजून ‘प्रलंबित’ दाखवते.

उत्तर मिळालं ते ट्रॉल्यांच्या शेडमध्ये. ऑगस्ट-सप्टेंबरात गळीत हंगामाआधी उसाच्या ट्रॉल्या रंगायला येतात. मी तिथे अधूनमधून जातो ते बघायला. फाळक्याच्या वरच्या कडेचा रंग आधी उडतो, हुकाभोवती ग्रीसवर धूळ बसून काळी पुटं होतात, चाकामागे काळ्या मातीचे फटकारे कसे पडतात, हे समोर उभं राहून बघावं लागतं. लष्कराची ट्रॉली असो की कारखान्याची, पत्रा सारखाच झिजतो. तिथे रंग मारणारे मामा दिवसभर स्प्रे मारतात, भर पावसात. मी विचारलं, मामा, तुमच्या गनमधून पाणी कसं येत नाही? त्यांनी गन खाली ठेवली आणि हातानं पाईप दाखवला. कॉम्प्रेसर शेडच्या एका टोकाला. तिथून लोखंडी पाईप भिंतीनं वर जातो, आढ्याखालून पलीकडे येतो, खाली उतरतो, तळाला एक कॉक, आणि फिल्टर पार गनजवळ.

‘हवा गरम हाय तवर पाणी कसं घावंल? आधी तिला थंड होऊ द्या, मंग धरा.’

एवढंच कारण आहे. दाबली की हवा तापते. सतत चालवलं की टाकीही तापते. गरम हवेत पाणी वाफ होऊन राहतं आणि टाकीला चिकटलेल्या ट्रॅपमधून ती वाफ तशीच निघून जाते. पुढे नळीत हवा थंड होते आणि तिथे तिचं पाणी होतं, ट्रॅपच्या पलीकडे. उन्हाळ्यात आपल्या हवेत मुळात दमटपणाच नसतो, म्हणून दोष दिसत नाही. फेब्रुवारीतले माझ्यासारखे सगळे खूश असतात.

घरी येऊन केलं ते असं. तीन मीटरची नळी घेतली आणि तिची गुंडाळी पाण्याच्या बादलीत सोडली. ब्रशच्या अगदी खाली बोटभर लांबीचा, नळीच्या वाटेतच बसणारा छोटा इनलाइन ट्रॅप लावला. १/८ इंची बीएसपी मापाचे आटे दोन्हीकडे जुळतात, टेफ्लॉन टेप लागते. सगळं मिळून सहाशेच्या आत. काम संपलं की टाकीच्या बुडाचा स्क्रू उघडून पाणी काढतो, नाहीतर टाकी आतून गंजते. वीस मिनिटं झाली की टाकी भरून घेऊन मोटर थोडी थांबवतो. सप्टेंबरच्या झडीत पाण्याच्या ट्रॉलीची टाकी पूर्ण रंगवली, एक थेंब आला नाही. छोट्या ट्रॅपच्या नळीत पाणी साठलेलं डोळ्यांनी दिसत होतं. तेव्हा झालेला आनंद या आठ महिन्यांतला सगळ्यात मोठा.

लाईट गेली तर टाकीतल्या हवेवर मिनिटभरही काम होत नाही, ते गृहीत धरा. इन्व्हर्टरवर मी चालवून बघितलेला नाही.

मोटरला चार, ब्रशला चार, मूळ ट्रॅपला शून्य, सर्व्हिसला शून्य. घेणार असाल तर बजेटमध्ये सहाशे आधीच बाजूला ठेवा, आणि पार्सल आलं की त्याच दिवशी लांब नळी व दुसरा ट्रॅप लावून टाका, मग बाहेर ऊन असो की पाऊस.