सॅम्पलिंग मॉड्यूल घ्यावं की साधा डिजिटल स्कोप? खान्देशातल्या लॅब आणि वर्कशॉपसाठी तुलना

वीस गिगाहर्ट्झचा जुना स्कोप (ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचा सिग्नल पडद्यावर रेषेने दाखवणारं यंत्र) विकायला आहे म्हटलं की जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजातला इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस थबकतोच. लॅबमध्ये नवा आणलेला स्कोप १०० मेगाहर्ट्झचा, आणि हा त्याच्या दोनशेपट. मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांतून निघालेले असे मेनफ्रेम (स्कोपचं मुख्य खोकं) आणि त्यांत बसणारी सॅम्पलिंग मॉड्यूल्स (सिग्नल आत घेणारे सुटे भाग) सेकंडहँड बाजारात सतत फिरत असतात. घ्यावं का, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येकाला वेगळं आहे. माझा क्रम मात्र ठरलेला आहे: आधी आपला सिग्नल बघा, मग आपली खोली बघा आणि गिगाहर्ट्झचा आकडा सगळ्यात शेवटी बघा.

एकाच नावाची दोन वेगळी यंत्रं

साधा डिजिटल स्कोप, ज्याला रिअल-टाइम म्हणतात, सिग्नल एकदाच आला तरी त्याचं पूर्ण चित्र टिपतो. सेकंदाला एक अब्ज नमुने घेणारे स्कोप आज एका दुचाकीच्या किमतीच्या आत मिळतात. सॅम्पलिंग स्कोपची रीत निराळी. तो दर ट्रिगरला (मोजणी सुरू करायच्या इशाऱ्याला) एकच बिंदू घेतो, पुढच्या ट्रिगरला किंचित उशिरा दुसरा बिंदू घेतो आणि अशा हजारो बिंदूंतून एक चित्र जुळवतो. त्याचा नमुने घेण्याचा वेग सेकंदाला लाख-दोन लाखांच्या घरातला, म्हणजे साध्या स्कोपच्या मानाने फारच संथ. पण संथपणामुळेच त्याला १४ बिटांचा बारकावा परवडतो. बँडविड्थ, म्हणजे किती वेगवान सिग्नल दिसेल ती मर्यादा, ठरते ती इनपुटवरच्या डायोडचं दार किती कमी वेळ उघडं राहतं यावर. २० गिगाहर्ट्झच्या मॉड्यूलचा राइज टाइम (सिग्नलची चढण दाखवायला लागणारा वेळ) सुमारे १७.५ पिकोसेकंद असतो. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपचा ३.५ नॅनोसेकंद.

याची किंमत दोन अटींत मोजावी लागते. सिग्नल पुन्हा पुन्हा तसाच यायला हवा आणि ट्रिगर बहुतेक वेळा वेगळ्या वायरने द्यावा लागतो. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर घ्या. तो बसताना त्याचे पॉइंट काही मिलिसेकंद उसळतात, आणि तेही दर वेळी वेगळ्या तऱ्हेने. साध्या स्कोपला सिंगल ट्रिगरवर ठेवा, सगळी उसळी पडद्यावर मिळेल. सॅम्पलिंग स्कोपला त्यातलं काहीच दिसणार नाही, मग तो २० गिगाहर्ट्झचा असो की ५०चा. उलट, पीसीबीवरच्या ५० ओहमच्या ट्रॅकमध्ये कनेक्टरपाशी इंपिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) कुठे बिघडतो किंवा फायबरच्या ट्रान्समीटरचा आय डायग्राम (एकावर एक रचलेल्या बिटांचं डोळ्यासारखं चित्र) किती उघडतो, हे बघायला साधा स्कोप पुरा पडत नाही.

व्होल्टेज: इथेच बहुतेकांचा निर्णय होतो

साध्या स्कोपचा इनपुट एक मेगाओहमचा. नेहमीच्या दहापट प्रोबने शे-दोनशे व्होल्ट आरामात बघता येतात, मर्यादा प्रोबवर छापलेली असते. सॅम्पलिंग मॉड्यूलचा इनपुट ५० ओहमचा आणि त्याची कमाल मर्यादा बहुधा दोन ते तीन व्होल्ट. त्यापुढे सॅम्पलिंग डायोड जळतो. मग कंपन्या पुढे संरक्षण का बसवत नाहीत? कारण संरक्षणाचा कुठलाही घटक स्वतःची कपॅसिटन्स घेऊन येतो आणि ज्या बँडविड्थसाठी पैसे मोजले तीच खातो. म्हणून डायोड जवळजवळ थेट कनेक्टरच्या पाठीमागे, उघडाच बसलेला असतो.

आता आपल्याकडची कामं बघा. व्हीएफडी ड्राइव्ह (मोटारीचा वेग बदलणारा), सोलर इन्व्हर्टर, सबमर्सिबलचं पॅनेल, वेल्डिंग मशीनचं कार्ड. २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टवर जातं. थ्री-फेज ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमधली डीसी बस ५६० ते ५९० व्होल्टची. या कामांत सॅम्पलिंग मॉड्यूलला जागाच नाही. दुरुस्तीचं वर्कशॉप चालवणाऱ्याने तो विचार इथेच सोडावा आणि तो पैसा डिफरन्शियल प्रोबमध्ये (अर्थशी न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा प्रोब) किंवा इनपुट अर्थपासून वेगळा असलेल्या, कॅट-३ रेटिंगच्या (मेन्सच्या वायरिंगवर वापरण्याची सुरक्षा श्रेणी) हँडहेल्ड स्कोपमध्ये घालावा.

एक गोष्ट मला इथे कळकळीने सांगायची आहे, कारण ती जिवावरची आहे. साध्या बेंच स्कोपच्या प्रोबची मगरक्लिप आतून थेट अर्थला जोडलेली असते. ती फेजला लावली की शॉर्ट होतो. हा शॉर्ट टाळायला अनेक जण स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकतात. मग शॉर्ट होत नाही, पण स्कोपचा सगळा धातूचा भाग फेजच्या व्होल्टेजला जातो आणि हात नॉबवर असतो. नव्या मुलाला हे कुणी तरी शिकवतं आणि तो ते पुढे शिकवतो. डिफरन्शियल प्रोब महाग वाटतो, पण अर्थ पिन काढायची वेळ येऊ न देणं हे त्याचंच काम.

खोली: मे महिन्यातला खान्देश

हा भाग कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही, आणि माझ्या मते आपल्याकडे निर्णय खरा इथे फिरतो.

आपला उन्हाळा कोरडा. भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा दुपारी हवेत ओल उरत नाही. अशा हवेत सिंथेटिक कपड्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवरून नुसतं उठलं तरी अंगावर हजारो व्होल्ट साचतात. साधारण तीन हजार व्होल्टच्या खालचा झटका माणसाला जाणवतही नाही. मॉड्यूलला मात्र तो मारून जातो, म्हणजे नुकसान झालं तेव्हा कुणाला काही कळलेलंच नसतं. जमिनीवर प्लास्टिकची चटई असेल तर ती आधी काढा. जळगावची चटई घरात छान, या लॅबमध्ये नको. साध्या स्कोपलाही स्थिर विजेचा त्रास आहे, पण त्याच्या इनपुटवर संरक्षण असतं आणि तो वर्षानुवर्षं मुलांच्या हातात टिकतो.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. आमच्याकडचा जुना वायरमन कुठल्याही कामाआधी 'अर्थिंग शे ना भो?' असं विचारतो, मॉड्यूल लावणाऱ्यानेही तेच आधी विचारावं. काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते तेव्हा अर्थिंग उत्तम लागतं. एप्रिल-मेमध्ये तीच जमीन आक्रसते, भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रोध वाढतो. जुलैत घेतलेलं रीडिंग मे महिन्यात चालत नाही. रिस्ट स्ट्रॅपची तार शेवटी त्याच खड्ड्याशी जाते. म्हणून अर्थचा खड्डा उन्हाळ्यात पाण्याने ओला ठेवा, जमलं तर बेंटोनाइटचं मिश्रण भरून घ्या आणि अर्थ टेस्टरने मे महिन्यातच मोजा. टेस्टर नसेल तर निदान सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज बघा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर मॉड्यूलचं खोकं उघडूच नका.

तिसरी गोष्ट तापमानाची. टेकट्रॉनिक्सच्या ८००० मालिकेतल्या मेनफ्रेमची वापराची मर्यादा ४० अंशांपर्यंत आहे. अनेक साधे बेंच स्कोप ५० अंशांपर्यंत चालतात. म्हणजे एसी नसलेल्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी साधा स्कोप चालेल आणि सॅम्पलिंगवाला मर्यादेबाहेर जाईल. शिवाय त्याला यंत्र तापल्यावर, साधारण वीस मिनिटांनी, कॉम्पेन्सेशन (मोजमापातली चूक यंत्राकडूनच दुरुस्त करून घेणं) करावं लागतं आणि तापमान पाच अंशांनी बदललं की पुन्हा करावं लागतं. आपल्याकडे सकाळचे नऊ आणि दुपारचे दोन यांत पाच अंशांहून जास्त फरक पडतो, हे सांगायला नकोच. कूलरने हवेत ओल येते आणि स्थिर वीज कमी होते, हे खरं. पण कूलरचा झोत यंत्रावर नको. पाण्याचे तुषार आणि धूळ दोन्ही पंख्यातून आत जातात.

मॉड्यूल बसवायचं असेल तर

घ्यायचं ठरलंच तर आधी जोडी जुळते का बघा. टेकट्रॉनिक्सचं एसडी-२४ हे हेड (सॅम्पलिंग मॉड्यूललाच हेडही म्हणतात) ११८०१ आणि सीएसए८०३ या मेनफ्रेमचं आहे, ते ८००० मालिकेत बसत नाही. तिथे ८०ई०४ लागतं. एचपीचं ५४७५४ए मात्र ५४७५०ए आणि ८६१००, दोन्हींत चालतं. कंपनी तीच म्हणून मॉड्यूल बसेलच असं नसतं.

बसवताना मेनफ्रेम बंद हवा, चालू मेनफ्रेममध्ये मॉड्यूल घालणं किंवा काढणं नाहीच. आधी हातात रिस्ट स्ट्रॅप, त्याची तार मेनफ्रेमच्या अर्थ टर्मिनलला. स्ट्रॅपमध्ये एक मेगाओहमचा रोध असतो. तो माणसाच्या संरक्षणासाठी आहे, म्हणून त्याऐवजी साधी तार गुंडाळू नये. इनपुटवरची टोपणं राहू द्या. मॉड्यूल खाचेत सरळ सरकवा, मागचा कनेक्टर बसल्याचं हाताला जाणवलं की स्क्रू आवळा आणि मगच स्विच टाका.

त्यानंतरची खरी शिस्त केबलची. को-अ‍ॅक्सियल केबल स्वतः कपॅसिटर असते, ५० ओहमच्या केबलमध्ये मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड. टेबलावर घासत आलेली केबल चार्ज घेऊन येते आणि इनपुटला लागताच तो सगळा डायोडमध्ये रिकामा करते. म्हणून प्रत्येक केबल जोडण्याआधी तिच्या टोकाला ५० ओहमचं टर्मिनेशन (आत ५० ओहमचा रोध असलेलं टोपण) लावून चार्ज उतरवायचा, मगच ती मॉड्यूलकडे न्यायची. प्रत्येक वेळी, आत्ता काढलेली केबल पुन्हा लावतानासुद्धा. ज्या सर्किटची केबल आहे त्याची पॉवरही तेव्हा बंद हवी, आणि पुढे किती व्होल्ट येणार हे आधी साध्या स्कोपवर बघून घ्या. जास्त असतील तर मध्ये अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) घाला.

कनेक्टर फिरवताना फक्त नट फिरवायचा, केबल किंवा तिचा कनेक्टर नाही. टॉर्क रेंच वापरा: ३.५ आणि २.९२ मिलिमीटरच्या जोडणीला ०.९ न्यूटन-मीटर, साध्या पितळी एसएमए कनेक्टरला त्याहून कमी, ०.५६च्या आसपास. स्वस्त एसएमएची मधली पिन कधी कधी पुढे आलेली असते आणि ती मॉड्यूलच्या कनेक्टरची वाट लावते. म्हणून इनपुटवर एक चांगला अ‍ॅडॅप्टर कायमचा लावून ठेवा. झिजेल तो अ‍ॅडॅप्टर, मॉड्यूल नाही.

मधले दोन पर्याय

नवीनच घ्यायचं तर यूएसबीवर चालणारे सॅम्पलिंग स्कोप आहेत, उदाहरणार्थ पिकोस्कोपची ९३०० मालिका, २५ गिगाहर्ट्झपर्यंतच्या मॉडेलांची. जुन्या मेनफ्रेमचा अवजड देह, आतली संपत आलेली बॅटरी आणि न मिळणारे भाग यांतून सुटका होते. किंमत मात्र लाखांत, आणि इनपुट तितकाच नाजूक.

केबलचा दोष शोधणं एवढंच काम असेल तर नॅनोव्हीएनए (केबल-अँटेना तपासणारं हातात मावणारं यंत्र) हा छोटा पर्याय मला फार आवडतो. फ्रिक्वेन्सी एक गिगाहर्ट्झपर्यंत फिरवून तो गणिताने टाइम-डोमेन (वेळेनुसारचं) चित्र काढतो, त्यातून को-अ‍ॅक्सियल केबलमधला दोष साधारण दहा सेंटिमीटरच्या अचूकतेने सापडतो. सॅम्पलिंग मॉड्यूलचं टीडीआर (केबलमध्ये पायरीसारखा स्टेप सोडून परत येणारी लहर बघणं) मिलिमीटरमध्ये बोलतं, पण अँटेना आणि केबल टीव्हीवाल्याला मिलिमीटरची गरज नसते. जमिनीखालची वितरणाची पॉवर केबल यांतल्या कुणाचंच काम नाही, तिथे उच्च दाबाचा फॉल्ट लोकेटरच लागतो.

कुणी काय घ्यावं

वर्कशॉपवाल्याचं वर सांगून झालं. डिप्लोमा आणि पदवीच्या नेहमीच्या लॅबसाठी मी एका सॅम्पलिंग मेनफ्रेमच्या पैशांत चार-पाच साधे स्कोप घेईन. प्रोब हातात आलेली मुलं वाढतात ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे, आणि तीन व्होल्टचा इनपुट पहिल्या वर्षाच्या गर्दीत टिकणार नाही. संशोधन चालणारा विभाग, हायस्पीड पीसीबी करणारा छोटा उद्योग किंवा आरएफ शिकवणारे शिक्षक यांनी सॅम्पलिंग मॉड्यूल जरूर घ्यावं. मात्र एसी खोली, मे महिन्यात तपासलेलं अर्थिंग, ऑनलाइन यूपीएस आणि मॉड्यूलला हात लावणारी ठरलेली एक-दोन माणसं, हे आधी उभं करावं. हा खर्च बजेटमध्ये पहिल्याच दिवशी धरा. मॉड्यूल दुरुस्तीला पुणे-मुंबईला, कधी देशाबाहेरही पाठवावं लागतं, तेव्हा शक्य असेल तर दुसरं हेड जवळ ठेवा.

सेकंडहँड हेड घेताना विक्रेत्याकडून प्रत्येक चॅनेलची तीन चित्रं मागा. टीडीआरचा स्टेप चालू करून इनपुट उघडा असताना, शॉर्ट लावून आणि ५० ओहमचं टर्मिनेशन लावून. उघड्या टोकाला स्टेप दुप्पट होतो, शॉर्टला शून्यावर कोसळतो, टर्मिनेशनला सपाट राहतो. रेष एका कडेला चिकटलेली असेल, फार जाड दिसत असेल किंवा दोन चॅनेलच्या उंचीत फरक असेल तर डायोड गेलेला समजा. नुसता 'पॉवर ऑन होतो' असा फोटो पाठवणाऱ्याकडून घेऊ नका, कारण डायोड जळालेलं हेडही पॉवर ऑन होतंच.