आर्कजीआयएस, क्यूजीआयएस, जीपीएस सर्वेक्षण की कोडिंग : विद्यार्थ्याने सुरुवात कोठून करावी?

भूगोल, स्थापत्य, कृषी, पर्यावरण आणि संगणकशास्त्र अशा निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी आता डिजिटल नकाशांच्या कामाकडे वळू लागले आहेत, परंतु त्यांतील बरेच जण पहिल्याच पायरीवर अडखळतात, कारण समोर एकाच वेळी चार वाटा दिसतात. एस्री कंपनीचे परवान्यावर मिळणारे आर्कजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर, त्याच कामाचे पण विनामूल्य व मुक्त असलेले क्यूजीआयएस, प्रत्यक्ष जागेवर जाऊन करायचे जीपीएस सर्वेक्षण आणि प्रोग्रामिंगच्या आधारे उपग्रह-प्रतिमांचे विश्लेषण, या त्या वाटा होत. पदवीचा अभ्यास सांभाळून चारही एकदम शिकणे शक्य नाही आणि तशी गरजही नाही. मात्र या चार कौशल्यांसाठी नोकरी देणारे लोक वेगवेगळे असल्याने निवड विचारपूर्वक केलेली बरी.

पहिल्या दोन पर्यायांची तुलना सर्वाधिक केली जाते आणि ती बहुधा चुकीच्या मुद्द्यावर केली जाते. एस्रीची स्थापना १९६९ सालची. त्यामुळे मोठी सरकारी खाती, पाणी व वीज पुरवणाऱ्या संस्था आणि बड्या सल्लागार कंपन्या यांची सारी माहिती अनेकदा आर्कजीआयएसच्या यंत्रणेत साठवलेली असते. अशा ठिकाणी नोकरीच्या जाहिरातीत आर्कजीआयएसचे नाव स्पष्ट लिहिलेले असते आणि ते न येणाऱ्याचा अर्ज पहिल्या चाळणीतच मागे पडू शकतो. हा त्याचा खरा फायदा आहे. अडचणी दोन आहेत. आर्कजीआयएस प्रो ही त्याची संगणकावर बसवायची आताची आवृत्ती फक्त विंडोजवर चालते आणि त्याचा परवाना सामान्यतः महाविद्यालयामार्फत मिळत असल्याने शिक्षण संपले की तोही संपतो. म्हणजे नोकरी शोधण्याच्या नेमक्या काळात सराव थांबतो. ज्यांना हाच मार्ग घ्यायचा आहे त्यांनी अभ्यासक्रम प्रो आवृत्तीवर आधारलेला आहे ना, हे आधी पाहावे. प्रोआधीच्या आर्कमॅप या जुन्या सॉफ्टवेअरच्या निवृत्तीसाठी कंपनीने १ मार्च २०२६ ही तारीख जाहीर केली होती, तरी त्यावर बेतलेल्या टिपणवह्या आणि प्रात्यक्षिके अजून हातोहात फिरताना दिसतात.

क्यूजीआयएसचे काम २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी सुरू केले. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, त्याला पैसे पडत नाहीत आणि पदवीनंतरही ते आपल्याच संगणकावर राहते. लहान सल्लागार संस्था, संशोधन प्रकल्प आणि स्वयंसेवी संस्था त्याचा भरपूर वापर करतात. त्याची उणी बाजू अशी की, अनेक सोयी स्वयंसेवकांनी लिहिलेल्या प्लगइनवर, म्हणजे जोड-प्रोग्रामवर, अवलंबून असतात आणि आवृत्ती बदलल्यावर एखादे प्लगइन चालेनासे होते. तेव्हा दाद मागायला कंपनी नसते, शोधाशोध आपणच करावी लागते. माझ्या मते विद्यार्थ्यासाठी हा तोटा फारसा मोठा नाही, कारण ती शोधाशोध हेही शिक्षणच आहे. बफर (भोवती ठरावीक अंतराचा घेर काढणे), क्लिप (हद्दीबाहेरचा भाग कापणे), स्थानिक जोडणी (जागेवरून दोन नकाशांची माहिती जोडणे) यांसारख्या क्रिया दोन्हींकडे जवळजवळ सारख्याच आहेत आणि एक नीट आले की दुसऱ्यात बटणे कोठे आहेत एवढेच शोधायचे उरते. माहिती साठवण्याच्या बाबतीतही भिंत नाही. शेपफाइल हा नकाशाची माहिती साठवण्याचा जुना फाइल-प्रकार दोन्हींत उघडतो, पण त्यात रकान्याचे नाव १० बाइटांपुरतेच मावते आणि देवनागरीचे एक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेत असल्याने मराठी शीर्षक अर्ध्यातच तुटते. म्हणून २०१४ मध्ये मानक म्हणून स्वीकारलेल्या जिओपॅकेज या फाइल-प्रकाराची सवय सुरुवातीपासून लावलेली चांगली.

सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, ज्यावर पुढचे सारे उभे राहते ती गोष्ट म्हणजे निर्देशांक-प्रणाली (जागेचे स्थान आकड्यांत सांगण्याची पद्धत) आणि प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची रीत) यांची समज. एक साधे उदाहरण पाहू. क्यूजीआयएसमध्ये शाळांच्या ठिकाणांचा थर (नकाशावरील एकाच विषयाची माहिती) उघडला, भोवती ५०० मीटरचे वर्तुळ काढायचे ठरवले आणि बफरच्या चौकटीत ५०० हा आकडा टाकला. थर ईपीएसजी ४३२६ या प्रणालीत, म्हणजे अक्षांश-रेखांशात असेल, तर चौकटीशेजारचे एकक मीटर नसून अंश असते आणि पडद्यावर साऱ्या पृथ्वीला झाकून उरणारा एक गोळा तयार होतो. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. परंतु ५०० मीटरऐवजी ०.००४५ अंश टाकून काम भागवणाऱ्याची चूक दिसत नाही. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे सुमारे १११ किलोमीटरचा असतो, मात्र रेखांशाच्या एका अंशाची लांबी ध्रुवांकडे कमी होत जाते आणि ६० अंश अक्षांशावर ती निम्मीच उरते. त्यामुळे वर्तुळ गुपचूप चपटे होते. योग्य मार्ग म्हणजे थर यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीतील त्या प्रदेशाच्या पट्ट्यात प्रक्षेपित करून मग मोजणी करणे; जगाचे असे ६० पट्टे आहेत आणि प्रत्येक पट्टा ६ अंश रुंद आहे. अभ्यासक्रम निवडताना शुल्कापेक्षाही हा भाग किती खोलात शिकवला जातो, ते विचारावे. तो एका व्याख्यानात उरकला जात असेल, तर प्रमाणपत्र कितीही देखणे असले तरी तो अभ्यासक्रम टाळावा.

तिसरा पर्याय मैदानावरचा आहे आणि संगणकापुढे बसणारे विद्यार्थी त्याला उगाच कमी लेखतात. जीपीएसचा ग्राहक, म्हणजे संकेत घेणारे उपकरण, किमान चार उपग्रहांचे संकेत घेऊन, ते पोहोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो, आणि घड्याळात एक मायक्रोसेकंदाची चूक झाली तर अंतरात सुमारे ३०० मीटरची चूक होते. नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली अचूकतेतील घट अमेरिकेने मे २००० मध्ये थांबवली. आता ग्लोनास, गॅलिलिओ आणि बेइदू या प्रणालींचे उपग्रहही मदतीला असतात. तरीही साधा मोबाइल उघड्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंतची अचूकता देतो, आणि उंच इमारतींजवळ किंवा दाट झाडीत संकेत परावर्तित किंवा क्षीण होऊन तीही बिघडते. आरटीके पद्धतीत ज्ञात बिंदूवरचा एक ग्राहक दुसऱ्या फिरत्या ग्राहकाला दुरुस्ती पुरवतो आणि चूक काही सेंटिमीटरांवर येते. बांधकाम, रस्ते, भूमिगत वाहिन्यांच्या नोंदी आणि यंत्राधारित शेती यांना हीच अचूकता हवी असते.

या कामात उन्हातान्हात फिरावे लागते, उपकरणे महाग असल्याने घरी सराव होत नाही, आणि जमिनीच्या कायदेशीर हद्दी ठरवण्यासाठी अनेक देशांत वेगळा परवाना लागतो. परंतु मोजणीत चूक किती असेल याचा अंदाज घेण्याची सवय जशी येथे लागते तशी कोठेच लागत नाही. मोबाइलवरील अॅप सात दशांश स्थळे दाखवते. सातवे स्थळ म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर, आणि प्रत्यक्षातली चूक मात्र काही मीटरांची. एकाच जागी उभे राहून थोड्या थोड्या वेळाने नोंदी घ्याव्यात आणि त्या नकाशावर टाकाव्यात. विखुरलेले ठिपके पाहिले की त्या दशांश स्थळांचा भरवसा उरत नाही. उंचीचा घोटाळा याहून मोठा असतो. उपग्रहांवरून मिळणारी मूळ उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीशी तिचा फरक काही ठिकाणी १०० मीटरच्या आसपास जातो. क्यूजीआयएसला जोडून चालणारे क्यूफील्ड हे अॅप मोबाइलवर घेऊन या साऱ्याचा पहिला अनुभव खर्चाविना घेता येतो.

चौथ्या वाटेविषयी थोडक्यात. लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमा २००८ पासून सर्वांना विनामूल्य आहेत, सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमा १० मीटरपर्यंतच्या तपशिलाच्या आहेत, आणि गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन व्यासपीठावर पायथन किंवा जावास्क्रिप्ट लिहून अनेक वर्षांच्या प्रतिमा एकदम तपासता येतात. शिक्षण व अव्यापारी संशोधनासाठी ते विनामूल्य आहे. ज्याला प्रोग्रामिंग आधीच येते त्याने ही वाट जरूर धरावी. ज्याला येत नाही त्याने मात्र येथून सुरुवात करू नये, कारण दुसऱ्याचा कोड चिकटवून रंगीत नकाशा तयार होतो, पण त्यातला हिरवा रंग खरोखर पीक आहे की झुडपे, हे सांगता येत नाही.

तेव्हा लक्ष्य निश्चित असेल, म्हणजे विशिष्ट मोठ्या संस्थेतच जायचे असेल आणि महाविद्यालयाकडे परवाना असेल, तर आर्कजीआयएस प्रो घ्यावे. स्थापत्य आणि कृषी शाखांच्या विद्यार्थ्यांनी आरटीके हाताळायची एकही संधी सोडू नये. उरलेल्या बहुतेकांनी क्यूजीआयएस आणि मोबाइलवरील क्षेत्रनोंदी ही जोडी घ्यावी आणि कोडिंग वर्षभराने त्यावर चढवावे.

प्रमाणपत्रांपेक्षा दाखवता येण्याजोगे काम गोळा करावे, असे माझे ठाम मत आहे. जीआयएसपी हे जीआयएस, म्हणजे डिजिटल नकाशांच्या, क्षेत्रातले व्यावसायिक प्रमाणपत्र चार वर्षांच्या अनुभवाशिवाय मिळत नाही, त्यामुळे विद्यार्थ्याने त्याची चिंता करू नये. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या मुक्त नकाशावर केलेली प्रत्येक दुरुस्ती नावासह सर्वांना पाहता येते. २०१० च्या हैती भूकंपानंतर याच नकाशावर जगभरच्या स्वयंसेवकांनी रस्ते आणि इमारती रेखाटल्या होत्या, आणि यूथमॅपर्स हे विद्यार्थ्यांच्या गटांचे जाळे तेथे काम करते. त्याच्या जोडीला स्वतः गोळा केलेल्या माहितीचा एक लहान प्रकल्प असावा, आणि त्याच्या नकाशाखाली निर्देशांक-प्रणाली कोणती वापरली, नोंदी कोणत्या उपकरणाने व कधी घेतल्या आणि चूक किती मीटरची धरली, हे तीन ओळींत लिहिलेले असावे. मुलाखत घेणारा जाणकार असेल तर नकाशाचे रंग पाहण्याआधी तो त्या तीन ओळी वाचतो.